रडण्याचा खेळ

गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी, पुसद तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या अंगणवाडीत एक म्हातारा मुलांबरोबर खेळताना मरण पावला. तो मेला आहे हे अंगणवाडीच्या बाईंना कळलं होतं. त्यांनी खेळ थांबवला नाही. मुलं शेवटपर्यंत खेळली, मग खिचडी जेवली, मग मदतनीस त्यांना घरोघरी सोडून आली. त्यानंतर बाई म्हाताऱ्याच्या शेतात गेल्या आणि त्याच्या मुलाला म्हणाल्या, बाप गेला, चल.

दुसऱ्या दिवशी मुलाने लेखी तक्रार केली. बापाचं मढं मध्ये ठेवून बाईने लेकरं खेळवली, असं तिच्यात होतं. प्रकल्प कार्यालयाने चौकशी लावली. बाईंची नोकरी राहते की जाते, एवढाच प्रश्न पुढचा महिनाभर तांड्यात होता.

मी तेव्हा एका दैनिकाचा पुसदचा वार्ताहर होतो. मला ही गोष्ट तांड्याच्या नायकाने, म्हणजे प्रमुखाने, फोनवर सांगितली. मी त्याला ती पुन्हा सांगायला लावली. दुसऱ्यांदा ऐकूनही ती डोक्यात शिरली नाही. मग फोन ठेवल्यावर, चहा समोर निवत असताना, हळूहळू शिरली, कारण त्या बाईंना मी बरीच वर्षं ओळखत होतो.

बाई पन्नाशीच्या होत्या. त्याच तांड्यात सून म्हणून आलेल्या, तिशीत विधवा झालेल्या, दहावी पास. मुलं त्यांना याडी म्हणायची. गोरमाटीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, याडी म्हणजे आई. मोठी माणसं त्यांना नुसतं बाई म्हणत आणि शक्यतो टाळत, कारण त्यांची जीभ तिखट होती. मुलांशी त्या गोरमाटीत बोलत, बाहेरच्यांशी वऱ्हाडीत, आणि अधिकाऱ्यांशी जमेल तितकं गप्प राहत. खेळाला त्या खेळ म्हणत नसत, काम म्हणत. एखादी आई पोराला न्यायला अर्ध्यात आली तर तिला दारातच ऐकावं लागे, "थांब. तो कामावर हाय."

मी पहिल्यांदा गेलो तो गळक्या छताची बातमी करायला. दारात त्यांनी मला थांबवलं. आत लग्न चालू होतं. नवरा चार वर्षांचा, नवरी त्याच्याहून थोडी उंच, आणि खिळ्यावरची आरशांची जुनी ओढणी तिच्या डोक्यावर.

"नवरदेवाकडचे की नवरीकडचे?" बाईंनी विचारलं.

मी पत्रकार असल्याचं सांगितलं.

"मंग बाहेर बसा. आत याचं असन तं कोणाकडचे तरी व्हा."

मी नवरदेवाकडचा झालो. एका मुलीने रिकाम्या पेल्याने माझे पाय धुतले. नवरीला निरोप देऊन झाल्यावरच बाई छताबद्दल बोलल्या, तेही उभ्याउभ्या. छत दोन पावसाळे गळत होतं, ते आणखी अर्धा तास थांबू शकत होतं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

सरकारकडून खेळण्यांची पेटी आली की पुष्कळ अंगणवाड्यांत ती कपाटात जाते, कारण काही मोडलं तर उत्तर द्यावं लागतं. बाईंनी पेटी पहिल्याच दिवशी मुलांच्या मध्ये ओतली आणि मोडायला सांगितलं. गाडी कशाने पळते, बाहुलीच्या पोटात काय आहे, ते बघा म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत चाकं, स्प्रिंगा, डोळे आणि पत्र्याच्या पट्ट्या उरल्या. पर्यवेक्षिका साठा तपासायला आल्या तेव्हा बाईंनी एक पोतं त्यांच्यापुढे पालथं केलं आणि सगळं आहे, पाहून घ्या, असं सांगितलं. हे मला पर्यवेक्षिकांनीच ऐकवलं. त्यांना हसावं की रागवावं हे कळलेलं नव्हतं. त्यानंतर कित्येक महिने मुलं त्या पोत्यातूनच खेळत, आणि नवी पेटी मागणारा अर्ज बाईंनी कधी केला नाही.

एकदा त्या भर दुपारी अंगणवाडीच्या बाहेर, भिंतीला टेकून उभ्या दिसल्या. आत मुलांची पंचायत बसली होती. गुळाचा खडा लपवल्याबद्दल याडीला दंड झाला होता, जेवण होईपर्यंत बाहेर उभं राहायचा. नेमक्या त्याच वेळी पर्यवेक्षिकांची गाडी आली. बाई आत यायला तयार झाल्या नाहीत. शेवटी पर्यवेक्षिकांनी नायक झालेल्या पाच वर्षांच्या मुलीकडे रदबदली केली. मुलीने ती फेटाळली. त्या दिवशीची तपासणी बाहेर, उन्हात झाली.

दिवाळीनंतर अर्धा तांडा ऊसतोडीला जातो. काही मुलं आईबापाबरोबर जातात, काही आजीआजोबांजवळ राहतात. त्या दिवसांत अंगणवाडीत ट्रक भरण्याचं काम चाले: चटया, डबे, कोयते म्हणून काड्या. जी मुलं मागे राहणार असत त्यांनाच बाई ट्रकचा ड्रायव्हर करत. याचं कारण मी विचारलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सुपारी कातरत राहिल्या.

पालकांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांना एबीसीडी हवी होती. सडकेवरून शाळेची पिवळी गाडी जायची, तिच्यात बसलेली पोरं इंग्रजी गाणी म्हणायची, आणि आपली पोरं घरी येऊन पंचायत भरवायची. काहींनी पोरं काढून घेतली. बाई त्यांची मनधरणी करायला गेल्या नाहीत. एक बाप दारू पिऊन भांडायला आला तेव्हा त्यांनी त्याला धान्याच्या खोलीत कोंडलं आणि मुलांना दारावर पहाऱ्याला बसवलं. त्याच्या स्वतःच्या मुलीसकट. हे वर कळतं तर तेव्हाच त्यांची नोकरी जायची, पण शुद्धीवर आलेल्या बापाने तक्रार केली नाही.

आता रडण्याबद्दल.

गोरमाटी बायका सुरात रडतात. लेक सासरी निघाली की, बहीण पुष्कळ दिवसांनी भेटली की, आणि कोणी मेलं की. रडताना त्या नातं सांगतात, त्या माणसाने काय दिलं ते सांगतात, काय राहून गेलं तेही सांगतात. पूर्वी मुली हे आईजवळ, काकीजवळ शिकत. बाईंनी ते अंगणवाडीत आणलं, मुलींबरोबर मुलांनाही लावलं. पर्यवेक्षिकांनी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा त्या दारातच थबकल्या. पाळण्यातून नुकतीच उतरलेली पोरं एकमेकांच्या गळ्यात पडून सुरात हुंदके देत होती. मुलांना हसतं ठेवायचं असतं, असं त्यांनी बाईंना समजावलं.

"ज्याले रडता येत नाही तो घरी जाऊन मारते, मॅडम," बाई म्हणाल्या. "मी खाल्ला ना मार."

मेल्याचा खेळ मात्र बाईंनी काढला नव्हता. तांड्यातल्या एका मुलाची आई वारली. घरच्यांनी त्याला त्याच दिवशी मावशीकडे पाठवलं आणि सगळं उरकल्यावर परत आणलं. आई कुठे गेली ते त्याला कोणी सांगितलं नाही. तो धान्याच्या कोठीत डोकावून बघायचा. अंगणवाडीत तो एका बाहुलीला फडक्याने झाकायचा, उघडायचा, पुन्हा झाकायचा. इतर मुलंही तसं करू लागली. मदतनिसीने घाबरून फडकं उचलून ठेवलं. बाईंनी ते परत दिलं आणि म्हणाल्या, बाहुली कायले, खरं माणूस पाहू.

खरं माणूस मिळायला वेळ लागला नाही. तांड्यात एक म्हातारा होता, मुलं त्याला दादा म्हणायची, म्हणजे आजोबा. तो गरम खिचडीच्या वासाने रोज अंगणवाडीच्या ओट्यावर येऊन बसे. आपल्यामागे लोक काय म्हणतील याची त्याला फार उत्सुकता होती.

"जितेपणीच आयकून घेतो," तो मला म्हणाला होता. "मंग कोण सांगाले येते?"

तो मध्ये आडवा व्हायचा, हनुवटीपर्यंत चादर घ्यायचा. मुलं भोवती बसून रडायची. दादा, तू मला बैलावर बसवलं. दादा, तू मला बोरं दिली. दादा, तू माझी भाकर खाल्ली. यावर मेलेला डोळे न उघडता खोटं आहे म्हणायचा आणि बाई त्याला दटावायच्या, मेलेला बोलत नाही. सगळ्यांचं रडून झालं की बाई म्हणायच्या, ऊठ. दादा उठायचा आणि खिशातले फुटाणे वाटायचा. एकदा हे मी स्वतः पाहिलं. अस्वस्थ होऊन बाहेर आलो आणि त्यावर काही लिहिलं नाही.

पहिल्यांदा हा खेळ झाला तेव्हा शेतातल्या बाया धावत आल्या होत्या, येतानाच रडत. कोण मेलं हे आधी विचारायची पद्धत नाही. आधी रडण्यात मिसळायचं, मग विचारायचं. आत म्हातारा फुटाणे वाटताना दिसल्यावर त्यांनी बाईंना दुपारपर्यंत शिव्या दिल्या. पुढच्या वेळी कमी बाया आल्या. त्यानंतर कोणी मान वर करेनासं झालं.

त्या मंगळवारचा क्रम मी मदतनिसीकडून आणि बाईंकडून वेगवेगळा विचारून घेतला. दोघींचं सांगणं जुळतं.

म्हातारा नेहमीसारखा आला. छातीत जळजळ होते म्हणाला, पाणी प्याला आणि आडवा झाला. बाई चादर नीट करायला वाकल्या. चादर मानेखाली खोचताना त्यांचा हात थांबला. बराच वेळ तिथेच राहिला. मदतनिसीने काय झालं म्हणून विचारलं.

"काही नाही. तू खिचडीकडे पाय."

रोज एका उपक्रमाचा फोटो कार्यालयाच्या ग्रुपवर टाकावा लागतो. मदतनिसीने दारातून फोटो काढला आणि टाकला. खाली लिहिलं: आपली संस्कृती, आपले खेळ. पर्यवेक्षिकांनी त्यावर टाळ्या वाजवणारे हात पाठवले. त्यांच्यामागे आणखी पुष्कळ सेविकांनी हात पाठवले.

मुलं रडली. नेहमीइतकंच, नेहमीच्याच सुरात. रडून झाल्यावर ती बाईंकडे पाहू लागली. बाईंनी ऊठ म्हटलं नाही. त्या गोरमाटीत म्हणाल्या की आज दादा उठणार नाही, आज तो खरंच गेला, एकेकाने पायाला हात लावून या. ज्याची आई वारली होती तो मुलगा सगळ्यांत आधी उठला. त्याने चादर बाजूला करून पायाला हात लावला आणि हात बराच वेळ ठेवला.

"दादा मरगो," तो इतरांना म्हणाला. दादा मेला.

मग एकेक जण गेलं. एक मुलगी जवळ जायला तयार नव्हती, तिला बाईंनी लांबूनच हात जोडू दिले. दुसऱ्या एकीने फुटाण्यांचं विचारलं. बाईंनी म्हाताऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात हात घालून फुटाणे काढले आणि वाटले.

हे मदतनीस मला सांगत होती तेव्हा तिने पदर तोंडाशी धरला होता. फुटाणे वाटले तेव्हा तिला सगळं कळलं होतं. खिचडी वाढताना तिच्या हातून डाव दोनदा पडला. मुलं बाहेर कडुनिंबाखाली जेवली. बाई आत म्हाताऱ्याजवळ बसून राहिल्या, शेवटचं मूल घरी जाईपर्यंत.

घरी पोचलेल्या मुलांनी दादा मेला म्हणून सांगितलं. आयांनी हो म्हटलं आणि हात धुवायला लावले. हे पोरांनी याआधीही सांगितलं होतं.

तो फोटो संध्याकाळी माझ्या फोनवर आला. मी तो मोठा करून पाहिला. चादर, म्हाताऱ्याची पांढरी दाढी, भोवती पाठमोरी मुलं, एका मुलीची रिबीन सुटलेली. तो चेहरा झोपेचं सोंग घेतलेल्या माणसाचा होता की मेलेल्याचा, हे सांगता येत नव्हतं. माझ्या उपसंपादकालाही सांगता आलं नाही. आम्ही फोटो छापला नाही. बातमी चार ओळींची गेली. पर्यवेक्षिका त्या रात्री ग्रुपमधून बाहेर पडल्या. मी फोन केला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या की मी हात पाठवले हो, टाळ्यांचे.

प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर दुपारी येऊन गेले होते. मृत्यू कशाने झाला हे शवविच्छेदनाशिवाय सांगता येणार नाही असं ते म्हणाले. घरच्यांनी शवविच्छेदनाला नकार दिला. त्यामुळे लगेच दवाखान्यात नेलं असतं तर काय झालं असतं, याचं उत्तर कोणाजवळ नाही.

चौकशी पुढच्या आठवड्यात झाली, कडुनिंबाखाली, सगळ्या तांड्यासमोर. प्रकल्प अधिकारी एक तरुण महिला होत्या. त्यांच्या शेजारी नायक, समोर म्हाताऱ्याचा मुलगा आणि अंगणवाडीच्या बाई. मी गर्दीत उभा होतो. अधिकाऱ्यांनी विचारलं की म्हातारा गेल्याचं तुम्हाला केव्हा कळलं. मला वाटलं, शेवटी कळलं असं बाई म्हणतील. नायकालाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने मान हलवायला सुरुवात केली होती. त्या एका उत्तराने बहुधा नोकरी वाचली असती.

"लेकरं रडाच्या आधी," बाई म्हणाल्या.

गर्दीतून आवाज उठला आणि थांबला.

"तरी तुम्ही रडू दिलं?"

"हाव जी."

"कशावरून कळलं? तुम्ही डॉक्टर आहात?"

"नवरा माह्या मांडीवर गेला, सासू मांडीवर गेली. मानेले हात लावला अन् समजलं."

"मग ओरडायचं होतं, कोणाला बोलवायचं होतं."

"बलावलं असतं तं काय केलं असतं मोठ्या माणसाईनं? पयले लेकराईले हाकललं असतं. दार लावलं असतं. मंग चार दिवसानं सांगतलं असतं, दादा गावाले गेला. त्या एका पोराले तसंच सांगतलं तुमी सगळ्याईनं. वर्षभर कोठीत पायत होता तो मायले."

म्हाताऱ्याचा मुलगा तेव्हा उठला. तो पस्तिशीचा, अंगाने दणकट माणूस आहे. तो ओरडेल असं सगळ्यांना वाटलं, नायकाने हातही पुढे केला. तो हळू आवाजात बोलला, मागच्यांना ऐकूही गेलं नसेल.

"मी मांगच्याच वावरात होतो, मॅडम. कापूस येचत होतो. रडणं आयकू आलं. बायको म्हणे, बुढा आज पुन्हा मेला." तो खाली पाहत होता. "मी हासलो. पुरं रडणं आयकलं मी अन् हासलो. माहा रडाचा आवाज गेला नाही माह्या बापाले."

त्याची बायको मागे उभी होती, ती तिथून निघून गेली. अधिकाऱ्यांनी लिहिणं थांबवलं होतं.

मुलगा बाईंकडे वळला. "मी पाह्यलं नाही म्हणून इचारतो. माही पोरगी काय म्हणून रडली?"

त्याची मुलगी साडेचार वर्षांची आहे, त्याच अंगणवाडीत होती.

"दादा, तू मले खांद्यावर घेत होता," बाई म्हणाल्या. "दादा, तुही काठी मी लपवली. गादीखाली हाय."

तो घरी गेला. थोड्या वेळाने काठी हातात घेऊन बाहेर आला आणि ओट्यावर बसला. चौकशीच्या ठिकाणी परत आला नाही. नायक त्याच्याकडे गेला, तक्रार मागे घेणार का म्हणून विचारलं. त्याने नाही म्हटलं. जमलेल्या पालकांना अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा काही म्हणाले बाईंना काढा, काही म्हणाले ठेवा, आणि बरेचसे नुसते उभे राहिले.

आदेश मार्चअखेर आला. बाईंना कमी करण्यात आलं. वैद्यकीय मदत न बोलावणे आणि बालकांना मृतदेहाच्या सान्निध्यात ठेवणे, ही कारणं दिली होती. बाईंनी तो वाचला, मदतनिसीजवळ किल्ली दिली आणि आरशांची ओढणी खिळ्यावरून काढून घेतली, कारण ती त्यांची स्वतःची होती. अपील करण्याबद्दल मी विचारलं. आदेशात लिहिलेलं खरं आहे, असं त्या म्हणाल्या.

अंगणवाडीचा अतिरिक्त कार्यभार शेजारच्या गावच्या सेविकेकडे आहे. ती आठवड्यातून काही दिवस येते. तांड्यातल्या काही मुलांना आता सकाळी बाईंच्या घरी पाठवलं जातं. तिथे काय चालतं याची अधिकृत नोंद कुठे नाही.

मी या जानेवारीत शेवटचा गेलो होतो. म्हाताऱ्याची नात बाईंच्या घरी जाते. हे मदतनिसीने सांगितलं, नायकाने सांगितलं, आणि त्या सकाळी मी पाहिलंही. तिला सोडायला तिचा बाप येतो. तिला दारात उतरवतो, आत जाताना पाहतो आणि तिथूनच वावरात जातो.